पोळ्याला अडून बसलेली रेसिंग कार

आधीच सांगते, कमेंटमध्ये "लिंबू-मिरची बांधा ताई" लिहिणाऱ्यांनी पुढे वाचलं नाही तरी चालेल. मी मेकॅनिक आहे. शहाद्याला दोंडाईचा रोडवर आमचं गॅरेज आहे, बाबांच्या मागे मीच चालवते. भूत, बाधा, पनवती — असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता, आजही नाही. पण जे झालं ते झालं... आणि माझ्या कामाला जो बट्टा लागलाय, त्यासाठी हे लिहिणं भाग आहे.

आमच्याकडे एक जुनी रेसिंग कार होती. दोन सीट, छप्पर नाही, लांबलचक नाक. गुजरातेतल्या कुठल्याशा संस्थानिकाच्या घरातून ती भंगारात निघाली, तेव्हा बाबा आणि सुरतचे माझे काका, दोघांनी मिळून घेतली. कागद काकांच्या नावावर, मेहनत बाबांची. न मिळणारे पार्ट त्यांनी स्वतः लेथवर बनवले. मी पाना धरायला याच गाडीवर शिकले. बाबा गेले आणि वर्षाच्या आत काकांनी जाहिरात टाकली — 'व्हिंटेज रेसिंग कार विकणे आहे.' मला विचारलंसुद्धा नाही. मी भांडले, रडले, पण कागदापुढे काय चालणार?

इंदूरचे एक शौकीन गृहस्थ बघायला येणार असं ठरलं. आणि काकांनी दिवस कुठला द्यावा? पोळ्याचा! पुरणपोळीही होईल आणि सौदाही, असा बेत. आता बाबांची एक सवय... पोळ्याला ते ही गाडी कधीच चालू करत नसत. धुऊन-पुसून बॉनेटवर गेरूचा ठिपका लावायचे, नैवेद्य दाखवायचे आणि म्हणायचे, "वरीसभर राबस ती, आज तिले सुट्टी." मी हसायचे.

त्या सकाळी आईने काकांना आठवण करून दिली. "भाऊ, आज पोया शे. आज कोनी बैल जुपस का?"

काका हसले. "वहिनी, गाडी शे ती, बैल नही."

खरं सांगू? मलाही काकांचंच पटलं. गाडी जाऊ नये असं जिवापासून वाटत होतं, पण माझ्या गॅरेजमधली गाडी गिऱ्हाइकासमोर चालू होत नाही, ही नामुष्की मला नको होती. आदल्याच दिवशी मी ती फिरवून आणली होती. कसली कुरकुर नव्हती.

पाहुणे आले. मी बटण दाबलं... इंजिन फिरलं, पेटलं नाही. प्लग काढून पाहिले, ठिणगी येते. पेट्रोल येतं. कॉम्प्रेशन आहे. टायमिंग बरोबर आहे. ज्यांना यातलं कळतं त्यांना विचारा, एवढं सगळं असताना इंजिन निदान खोकतं तरी. हे खोकलंसुद्धा नाही. हँडल मारलं, चौघांनी धक्का मारून पाहिला. दुपार झाली, पाहुणे चुळबुळ करायला लागले.

शेवटी चिडून मी इग्निशन बंद केलं, बॅटरीची वायरही काढली आणि बॉनेटवर हात ठेवून उभी राहिले. पत्रा कोमट होता. शेडमध्ये उभी, एकदाही न पेटलेली गाडी, बाहेर पावसाळी हवा! आणि मग हाताखालचा पत्रा थरथरला. माशी बसली की बैलाची कातडी थरथरते ना, तसा. एकदा... थोड्या वेळाने पुन्हा. मी हात काढला नाही. मुद्दाम नाही काढला. म्हटलं, बघू किती थरथरतेस.

पाहुणे निघून गेले. काका सगळ्यांसमोर ओरडले, "तूच काहीतरी करी ठेयेल शे!"

"काका, मी खोटं काम करस नही!" मीही ओरडले.

विश्वास कोणी ठेवला नाही. संध्याकाळपर्यंत गावभर झालं की पोरीनेच गाडी बिघडवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वायर जोडली, बटण दाबलं. पहिल्याच झटक्यात चालू! एक स्क्रूसुद्धा मी बदलला नव्हता. आता गप्प बसले असते तर गाडी माझ्याकडेच राहिली असती, बंद गाडी कोण नेतो? पण मग काका म्हणाले तेच खरं ठरलं असतं. मी स्वतः इंदूरला फोन लावला आणि गाडी तयार आहे, या, म्हणून सांगितलं.

ते आले. आई दारात उभी होती. मी बटणावर अंगठा ठेवला आणि मनात म्हटलं — हो, मीच, काही न मानणारी — आज अडून बस. फक्त आजचा दिवस.

गाडी पहिल्या झटक्यात चालू झाली. सौदा झाला. ती गेटमधून बाहेर पडून रस्त्याला लागेपर्यंत मी बघत राहिले, आणि मग शेडमध्ये जाऊन ढसाढसा रडले.

काका आजही म्हणतात, बिघाड मीच केला आणि मीच काढला. म्हणोत. पोळ्याला ती का अडली, तो पत्रा का थरथरला, मला माहीत नाही. आता तुम्ही खाली लिहालच की ते तुझे बाबा होते म्हणून. लिहा, खुशाल लिहा. पण एवढं सांगा — बाबा होते, तर मग मी मागितलं तेव्हा ती का नाही अडली?