गाववाली

‘थकी गऊ वं माय,’ म्हणत मावशी दाराशी टेकायची. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती तेव्हा. सुरतेतल्या भेस्तानच्या आमच्या चाळीत सगळे तिला मावशीच म्हणत. दिवसभर कारखान्यात साड्यांच्या घड्या घालून तिचे खांदे उतरलेले असायचे. मीही त्याच कारखान्यात होते. जेवणाच्या सुट्टीत आम्हा खानदेशी बायकांचं गावपुराण सुरू झालं, की मावशी खाली मान घालून जेवायची. विचारलं तर एवढंच म्हणायची, “होतं बाई, गावासारखं गाव.”

मग शेजारच्या खोलीत लूमवर काम करणाऱ्या एकाची आई राहायला आली. ही आजी मावशीच्याच गावची, पाटलांच्या घरातली. मावशीचं घर गावकुसाबाहेरच्या बौद्धवाड्यात. आजीला सुरत मानवेना, गुजराती कळेना. मावशी दिसली की तिचा चेहरा खुलायचा. संध्याकाळी दोघी आखाजीच्या सणाचे झोके, कुठल्या आंब्याची चव कशी, असलं बोलत बसायच्या. मावशी चक्क हसायची. परमुलखात गावचं माणूस भेटलं की काय होतं, ते तुम्हीही पाहिलं असेल.

एकदा चाळीतल्या आम्ही चौघीजणी बसलेल्या असताना आजी मायेनं म्हणाली, “हिची सासू आमच्या दारी भाकर मागायला यायची. कधी रिकामी नाही पाठवली. काय दिवस होते!”

“मागायला नाही, पाटलीणबाई,” मावशी हळूच म्हणाली. “गावकीसाठी राबायची, त्याची भाकर होती ती. तुम्ही वरून टाकायचात. तिच्यासोबत येऊन पदर मी धरायचे. एकदा मातीत पडली, तर तुम्ही हसलात.”

आजी गोंधळली. “तेव्हा रीतच होती गं तशी.”

“हो ना,” म्हणून मावशी उठून गेली.

आता ती यायची नाही, असं मला वाटलं. पण दुसऱ्या दिवशी आजीला ताप आल्याचं कळताच येऊन तिनं पेज भरवली.

“राग नाही येत?” मी बाहेर विचारलं.

“येतो गं. पण माझ्या सासूला पाहिलेलं इथं दुसरं कोण आहे?”

पुढं मावशीच्या मुलानं सुरतेबाहेर कामरेजला खोली घेतली आणि ती तिकडं राहायला गेली. वर्षभरानं तिला भेटायला गेले, तेव्हा मी आजी वारल्याचं सांगितलं.

“त्रास झाला का?”

“नाही. झोपेतच गेली.”

मावशी मोरीत जाऊन तोंड धुऊन आली. मला आग्रहानं जेवायला बसवलं. स्वतःचं ताट मात्र घेतलं नाही.

“आज नको वाटतंय,” म्हणाली, आणि माझ्या ताटात भात वाढत राहिली.