मेहुण्यांनी पाळलेलं गाव

आमच्या थोरल्या मेहुण्यांइतका माणसं निरखून बघणारा इसम अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात दुसरा झाला नाही, आणि होऊही नये अशी माझी मनापासून इच्छा आहे. लग्न ठरवायला मी देऊळगाव राजाजवळच्या त्यांच्या गावी पहिल्यांदा गेलो, तेव्हा बाकीच्यांनी माझं शिक्षण विचारलं, नोकरी विचारली. हे गृहस्थ कोपऱ्यात बसून पापणी न हलवता माझ्याकडे बघत राहिले आणि चहा संपता संपता बहिणीला म्हणाले, "बचाव बरा हाय. चपळाई काहीच नाही." मला वाटलं, गोठ्यातल्या बैलाबद्दल चाललंय. पुढे कळलं की ते माझ्याबद्दलच होतं, आणि खरं सांगायचं तर बरोबरही होतं.

त्यांचं काम कपाशीच्या बियाण्याचं. बीटीचं बियाणं जिथे तयार होतं त्या प्लॉटवर ते देखरेख करत. बायका एका ओळीतल्या फुलांवर दुसऱ्या ओळीतल्या फुलांचे पराग हाताने फिरवत आणि झालेल्या फुलाला खुणेचा दोरा बांधत. मेहुणे फिरत भेसळ काढत. ओळीत एखादं झाड वेगळ्या पानाचं, वेगळ्या उंचीचं दिसलं की उपटून बांधावर. मग ते कितीही टवटवीत असो. ही सवय त्यांच्या अंगात इतकी मुरली होती की आमच्या साखरपुड्यात त्यांनी पंगतीतला एक माणूस दंडाला धरून उठवला. "हा आपल्या ओळीतला वाटत नाही," म्हणाले. तो माझा सख्खा मामा होता. मामा अजून त्या गावाचं नाव काढू देत नाहीत.

अशा माणसाला जालन्याच्या भंगारवाल्याकडे हातात मावणारं एक खेळाचं यंत्र सापडलं. त्यात चित्रविचित्र राक्षस पकडायचे, पाळायचे आणि झुंजवायचे. लेकराबाळांचा खेळ, पण मेहुण्यांनी त्याचा असा काही नाद घेतला की बोलायची सोय नाही. त्यातली मेख त्यांनी शोधून काढली होती. आपला राक्षस ज्यांना हरवतो त्यांचा गुण त्याच्या आत उतरतो. चपळांना हरवलं की तो चपळ होतो, चिवटांना हरवलं की त्याचा जीव वाढतो. हे आतले गुण पडद्यावर कुठेच दिसत नाहीत, आपणच मोजायचे. आणि त्यांना एकूण मर्यादा असते. चुकीचा गुण भरला की बाकीच्यांना जागाच उरत नाही. मेहुण्यांनी मोजायला प्लॉटवरचाच दोरा घेतला. एक राक्षस हरवला की एक गाठ. प्रत्येक राक्षसाचा वेगळा दोरा, घरातल्या भिंतीवर वेगळा खिळा आणि खिळ्याखाली कागदावर नाव.

नावं मात्र गावातल्या माणसांची होती. जिवंत, चालत्याबोलत्या माणसांची.

मी पहिल्यांदा ती भिंत पाहिली तेव्हा माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. चाळीसेक दोरे लटकलेले. पंखा बंद असतानाही एखादाच हलायचा, शेजारचा ढिम्म. त्या भिंतीकडे पाठ करून मी त्या घरात कधी जेवलो नाही. माझाही दोरा होता. यंत्रात मी पिवळा, ढेरपोट्या, आखूड पायांचा होतो आणि उभ्या उभ्या डुलक्या घेत होतो. "दाजी, तुमचा बचाव पुरा भरून ठेवला," मेहुण्यांनी सांगितलं. मी खो खो हसलो. त्याच आठवड्यात दुसरबीडच्या वळणावर माझी मोटारसायकल घसरली. गाडीचा चेंदामेंदा, आणि मला ओरखडाही नाही. त्यानंतर मी हसलो नाही.

एकदा धीर करून विचारलं, "दादा, माणसांची नावं कशाला?"

ते गाठी चाचपू लागले. ती वर्षं गावाला वाईट होती. बोंडात गुलाबी अळी निघत होती, आणि एका उन्हाळ्यात गावातली दोन माणसं फवारणीचं औषध पिऊन गेली होती. "दाजी," ते म्हणाले, "त्यातल्या एकासंग मी आदल्या दिवशी चहा पेलो. हसून राह्यला होता. वरून काहीच दिसत नाही हो. खरं काय ते आत असते. मी कुठं पाह्यला पाहिजे होतं, सांगा ना तुम्ही." म्हणून त्यांनी अख्खं गाव पाळायला घेतलं होतं. ज्याचा चेहरा उतरलेला दिसेल त्याचा जीव वाढवायचा. शेजारच्या काकूंनी अंथरूण धरलं तेव्हा हे तीन दिवस यंत्र घेऊन बसले. चौथ्या दिवशी काकू उठून भांडायला आल्या. मग गावालाही चटक लागली. शेतावर जाता जाता लोक डोकावत, "माहा दोरा कुठवर आला?" म्हणून विचारत, स्वतःच्या गाठींवरून बोट फिरवत आणि गुपचूप पुढे जात. हसायला कोणी येत नव्हतं.

रोज न चुकता येणारा एक पिंजारी होता, मेहुण्यांचा शाळेपासूनचा दोस्त. कापूस पिंजून गाद्या भरायचं त्याचं दुकान. फोमच्या गाद्या आल्या आणि त्याची धनुकली खुंटीला लागली. त्याच्या नावाचा राक्षस मेहुण्यांनी अगदी सुरुवातीला, काही कळत नसताना वाढवला होता. नुसती चपळाई ठासून भरलेली, जिवाला जागाच नाही. एका सकाळी प्लॉटवरची भेसळ काढून ते घरी आले, यंत्र हातात घेतलं आणि त्या राक्षसाला सोडून दिलं. दोराही काढून टाकला. उद्या त्याच नावाचा नवा, चांगला पकडायचा होता. "हात त्याच ओघात होता दाजी," ते मला नंतर म्हणाले. "झाड उपटावं तसं उपटलं."

दुसऱ्या दिवशी पिंजाऱ्याच्या दुकानाला कुलूप होतं. कोणाला काही न सांगता तो गाव सोडून गेला होता.

मेहुण्यांनी जेवण सोडलं. खेळात सोडलेला राक्षस परत येत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी तसाच दुसरा पकडला, त्याला पिंजाऱ्याचं नाव दिलं आणि पहिल्या गाठीपासून फक्त जीव वाढवला. दोन वर्षं त्याच्याशी बोलत. "जेवला का बे?" विचारत आणि उत्तर आल्यासारखी मान हलवत. दोऱ्याला दोरा जोडून तो जमिनीला टेकला होता. माझी बायको ते पाहून रडायची. मला तर त्या खोलीत जायची भीती वाटे.

आणि एक दिवस जालन्यात चष्मा करायला गेलो, तर गाद्यांच्या एका दुकानापुढे पत्र्याखाली पिंजारी बसलेला! भुवया कापसाने पांढऱ्या झालेल्या. त्याने चहा मागवला.

"अहो, तिकडे त्या माणसाचा जीव टांगणीला लागलाय," मी चिडून म्हणालो. "असं न सांगता जातात का?"

"दाजी, त्या दिवशी संध्याकाळी मी गेलतो त्याच्याकडं. तो घरी नव्हता. समद्यांचे दोरे होते, माहा खिळा रिकामा." तो कपातल्या चहाकडे बघत होता. "दुकानात महिन्यात एक गादी येत नव्हती. मले वाटलं, त्यालेबी समजलं, का याच्यात आता काही राह्यलं नाही."

"अहो, मग विचारायचं तरी!"

"काय विचारू? मी भिंतीवर काऊन नाही म्हणून?"

मी त्याला त्याच्या नावाच्या दुसऱ्या राक्षसाबद्दल सांगितलं. जमिनीला टेकलेला दोरा, काठोकाठ भरलेला जीव, सगळं. तो हसला. "तो मी नाही, दाजी. तो दुसरा हाय. राहू द्या त्याले सुखानं तिथं."

"परत येता का?"

"नाही," तो म्हणाला आणि कामाला लागला.

सासुरवाडीला आलो तर मेहुणे ओट्यावरच होते. मी पिंजारी भेटल्याचं सांगितलं. ते ओट्यावरून उठूनच उभे राहिले. "येतो म्हणला का?" मला त्या तोंडाकडे बघून नाही म्हणवलं नाही. "हो, येतो म्हणाला," मी बोलून बसलो.

ते लहान पोरासारखे आत पळाले. मी मागोमाग गेलो. त्यांनी खिळ्यावरचा तो लांबलचक दोरा उतरवून गुंडाळला, यंत्र उघडलं आणि मला काही कळायच्या आत पडद्याने विचारलं, खरंच सोडायचं का?

"दादा, अहो काय करताय!"

"खराच येऊन राह्यला ना आता. एका नावाचे दोन कसे ठेवावं?" त्यांनी बटण दाबलं. पडद्यावरच्या त्या दुसऱ्याने एकदा वळून आमच्याकडे पाहिलं, निदान मला तसं वाटलं, आणि तो गेला. त्या क्षणी खरं बोललो असतो तर तो तरी राहिला असता.

यंत्र त्यांनी त्या दिवसापासून हातात घेतलेलं नाही. मी गेलो की ओट्यावर सरकून मला जागा करून देतात. समोरून एसटी जाते, माणसं उतरतात, पांगतात.

"दाजी, कोणत्या गाडीनं येतो म्हणला होता?"

"जालन्याच्या," मी म्हणतो.

"हाव," ते म्हणतात. "मंग ही नव्हती ती."