आईचं प्रॅक्टिकल

आई वीस वर्षं बालवाडीत शिकवते आहे. यंदा गृहविज्ञानाच्या पदविकेसाठी तिने तालुक्याच्या कॉलेजात नाव घातलं. बालविकासाचा पेपर तिला सोपा गेला, रसायनशास्त्राने मात्र रडवलं. पहिल्या प्रॅक्टिकलला ती नापासच झाली.

काल फेरपरीक्षा होती. तिला न्यायला गेलो आणि प्रयोगशाळेच्या खिडकीशी थांबलो. पांढऱ्या कोटातली आई श्वास रोखून नळीतून एकेक थेंब खालच्या काचपात्रात सोडत होती. द्रावणावर फिकट गुलाबी छटा आली आणि तिने लगेच तोटी बंद केली. बाईंनी वाकून पाहिलं आणि हसून तिच्या वहीवर सही केली.

आई कोट काढून ठेवत असताना एका मुलीने विचारलं, “काकू, नेमकं थांबायचं कसं कळलं तुम्हाला?”

“बाळाला औषध पाजतो ना, तसंच गं. थेंब सोडायचा आणि त्याच्या तोंडाकडे बघत राहायचं.”

किती लेकरांपाशी शिकलेला धीर होता तो!

शेजारी उभे असलेले एक गृहस्थ म्हणाले, “माझी ती दोन वेण्यांची. तुमची मुलगी कोणती?”

“मुलगी नाही,” मी बोट दाखवलं, “ती माझी आई.”