बोटीला ओळखीचं गिऱ्हाईक

आमच्या जुन्या बोटीत चढायचं म्हणजे धक्क्यावरून आधी कठड्यावर पाय, मग सीटवर, मग खाली. बायको हे सगळं हातात पोह्यांचा डबा धरून करायची आणि वर मला म्हणायची, "तुम्ही फक्त इंजिन बघा." मग तिचे गुडघे गेले. एकाचं ऑपरेशन झालं, दुसऱ्याचं व्हायचं होतं. त्यानंतरही ती तळ्यावर यायची, पण धक्क्यावर घडीची खुर्ची टाकून बसायची. मी मित्रमंडळींना घेऊन पाण्यावर फेरी मारून येईपर्यंत ती छत्री धरून तिथेच. परत येताना लांबून ती छत्री दिसली की माझं डोकं फिरायचं. कुणावर, ते सांगता यायचं नाही.

मी आयटीआय शिकलेला माणूस. सांगलीच्या एका वर्कशॉपमधून निघालो आणि मिशिगनमध्ये नोव्हायला स्वतःचं मशीन शॉप टाकलं. गाड्यांच्या कंपन्यांना लागणारे साचे आणि पकडी बनवायचो. त्या कंपन्यांचे खरेदीवाले रोज माझ्याकडून चार पैसे कमी करायला बघायचे आणि मी रोज त्यांच्याशी भांडायचो. घासाघीस हा माझा स्वभाव आहे असं लोक म्हणतात. स्वभाव कसला, पोट त्याच्यावर भरलं. पुण्या-नागपुराहून नवीन आलेली मुलं पहिली गाडी घ्यायला निघाली की मला फोन करायची. "काका, बरोबर येता का?" मी जायचो. शोरूममध्ये आवाज चढवायचो, उठून चालायला लागायचो, विक्रेता मागे धावत यायचा. मुलं बाहेर येऊन हसायची. मला मिळायची एक कॉफी, आणि तीही मी नको म्हणायचो.

त्या वर्षी मार्च महिन्यात एका डीलरच्या आवारात मी पाँटून बोट बघितली. दोन लांब नळकांड्यांवर सपाट फळी, भोवती कठडा, बाजूला फाटक. धक्का आणि बोटीची जमीन एका पातळीत. फाटक उघडायचं आणि घराच्या ओसरीवर जावं तसं आत जायचं. एका म्हाताऱ्या जोडप्याने दोनच उन्हाळे वापरलेली होती. लागोपाठ काही शनिवारी जाऊन मी त्या डीलरला रडवलं आणि माझ्या मनासारखा आकडा मिळवला. अट एवढीच, की जुलैअखेर पूर्ण पैसे द्यायचे. बायकोचीही अट होती. "आधी जुनी काढा. दोन-दोन बोटी ठेवायला आपण काय बंदर चालवतो?" तिचं बरोबर होतं. जुनीचे पैसे आले तरच नवीनचे पुरे पडत होते.

एप्रिलमध्ये मी शॉपच्या आवारातल्या जुन्या बोटीवरचं थंडीतलं पांढरं प्लॅस्टिक फाडलं, धुतली, पॉलिश केली आणि रस्त्याच्या कडेला पाटी लावून उभी केली. पहिल्याच आठवड्यात एक गोरा म्हातारा आला. कारखान्यातून रिटायर झालेला, डोक्याला मळकी टोपी. त्याने एक शब्द न बोलता स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने सगळी बोट ठोकून बघितली, कुठे लाकूड कुजलंय का म्हणून. मग एक आकडा सांगितला. मी हसलो. तो ट्रककडे चालायला लागला. मी वळून आत निघालो. तो परत आला. अशा माणसाशी सौदा करताना मला पोटभर जेवल्यासारखं वाटतं. तासाभराने आमचं जमलं. शनिवारी रोख घेऊन येतो म्हणाला.

त्याच संध्याकाळी माझा मित्र जेवायला आला. मित्र म्हणजे या देशातला माझा पहिला माणूस. तो इंजिनिअर, मोठ्या कंपनीत. मी शॉप टाकलं तेव्हा कर्जासाठी माझ्या शेजारी बँकेत बसून इंग्रजीत बोलला होता तो. मीही त्याच्या घरातली प्रत्येक गाडी घासाघीस करून घेऊन दिली होती. आमच्या बोटीवर सर्वांत जास्त तोच बसला असेल. त्याची बायको आणि माझी बायको मागच्या सीटवर पाय वर घेऊन बसायच्या आणि इंजिनाच्या वरताण आवाजात बोलायच्या.

"बोट विकतोयस म्हणे?" तो म्हणाला.

"शनिवारी जातेय."

"बाहेरच्याला? अरे, मग मीच घेतो ना. माझ्या घरामागे तळं, धक्का रिकामा पडलाय."

"घे की. किती—"

"तुझं माझं काय रे. नंतर बघू."

आता हे वाक्य मी किती वेळा आठवलंय ते मलाच माहीत. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर मी तिथेच त्याला खुर्चीवरून उठवलं असतं. पण आपल्या लोकांत घरच्या माणसाने नंतर बघू म्हटलं की त्यापुढे आकडा काढणं म्हणजे त्याच्या तोंडावर मारणं. मी वाटीत आमटी वाढली आणि गप्प बसलो. दुसऱ्या दिवशी त्या टोपीवाल्याला फोन करून नाही सांगितलं. तो म्हणाला, दुसरं गिऱ्हाईक जास्त देतंय का? मी म्हटलं, नाही, घरचं आहे. त्याने फोन ठेवला.

मित्र येऊन ट्रेलरसकट बोट घेऊन गेला. चाव्या मी त्याच्या हातात दिल्या. मे गेला, जून गेला. भेटला की म्हणायचा, "मस्त चालते रे तुझी बोट." तुझी म्हणायचा, त्यामुळे मला वाटायचं याच्या लक्षात आहे. घरी बायको मात्र रोज विचारायची.

"मागितले का?"

"देईल तो."

"कोथिंबिरीच्या जुडीसाठी दुकानदाराशी भांडता. इथे तोंडाला काय झालं?"

"तू मध्ये पडू नकोस."

"मी कुठे पडणार? मी धक्क्यावर बसते."



जुलैच्या मध्यात डीलरचा फोन आला, की दुसरं कुणीतरी पाँटून बघून गेलंय, तारीख पुढे ढकलता येणार नाही. त्याच रविवारी मित्राकडे जेवण होतं. मागच्या अंगणात पंधरा-वीस माणसं, ग्रिलवर मक्याची कणसं, पाण्यात माझी बोट. नवीन मुलं ओळीने तिच्यात बसून फोटो काढत होती. एका मुलीने विचारलं, "काकू, कधी घेतली?" मित्राची बायको कणसाला तिखट-मीठ लावता लावता म्हणाली, "अगं घेतली कुठे, भाऊजींनी दिली आम्हाला. ते आता मोठी घेताहेत ना!"

बायकोने माझ्याकडे बघितलं. मी मित्राला खुणेने धक्क्यावर बोलावलं.

"कागद कधी करायचे?"

"करू रे. घाई काय आहे?"

"घाई आहे. डीलर थांबलाय. मला पैसे लागतील."

तो हसला आणि मग एकदम हसायचा थांबला. "पैसे? म्हणजे तू मला विकलीस बोट?"

"मग काय आंदण दिली?"

"तूच चाव्या दिल्यास. तोंडातून आकडा काढला नाहीस. पार्किंगच्या मशीनशी घासाघीस करणारा माणूस तू! तू गप्प बसलास तर मला काय वाटणार? मला वाटलं, बँकेतली आठवण ठेवली यानं."

"बँकेत तासभर बसलास त्याची बोट होते का? आणि तुझ्या गाड्या कुणी घेऊन दिल्या?"

"त्या मी पैसे देऊन घेतल्या."

"किती वाचवले ते बोल!"

माझा आवाज चढला होता. अंगणातलं बोलणं थांबलं. त्याने मागे बघितलं आणि हळू म्हणाला, "बरं. सांग तुझा आकडा."

मी टोपीवाल्याचाच आकडा सांगितला. त्यात एक डॉलर वाढवला नाही. हे मी आजही कुणालाही छातीवर हात ठेवून सांगेन.

"एवढे? या बोटीचे? सीट फाटलीय मागची."

"ती तुझ्या पाहुण्यांनी फाडली."

"निम्मे देतो. आत्ता चेक लिहितो."

दुसऱ्या कुणी निम्मे म्हटलं असतं तर मला आनंद झाला असता. निम्म्यापासून सुरुवात म्हणजे माणूस घेणार. तिथून मी त्याला कुठेही नेला असता. पण त्याच्या तोंडून ते ऐकलं आणि माझ्यातली सगळी घासाघीस संपली. मी गाडी मागे घेतली, त्याच्या अंगणाच्या कडेला उभा असलेला ट्रेलर जोडला आणि उतारावरून पाण्यात सोडला. बोटीतली मुलं कणसं हातात घेऊन खाली उतरली. त्यांतला एक दोर धरायला पुढे झाला, तर मित्र म्हणाला, "राहू दे. नेऊ दे त्याला एकट्याला." एकट्याने बोट ट्रेलरवर चढवायला मला बराच वेळ लागला. तेवढा वेळ सगळे उभे होते. बायको गाडीत जाऊन बसली होती. मित्राची बायको खिडकीशी येऊन तिला काहीतरी सांगत होती, दोघी रडत होत्या. मी गाडी चालू केली तशी तिने खिडकीवरचा हात काढला.

टोपीवाल्याने तोवर दुसरी बोट घेतली होती. पाँटून ऑगस्टच्या पहिल्याच आठवड्यात त्या दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेली. जुनी बोट परत शॉपच्या आवारात, परत पांढऱ्या प्लॅस्टिकमध्ये.

त्या थंडीत कळलं, की मित्राची कंपनी लोकांना एकरकमी पैसे देऊन वेळेआधीच घरी पाठवत होती आणि त्यालाही ते वसंतातच सुचवलं होतं. त्याने कुणाला सांगितलं नाही. ऑक्टोबरात तो घरी बसला. मला सांगितलं असतं तर मी आकडा खाली आणला असता, कदाचित खरंच दिली असती. पण मला सांगायचं नाही, अंगणात मात्र बोट मिरवायची, याला मी काय म्हणू? मंडळाच्या दिवाळीला आम्ही गेलो नाही. तेही आले नव्हते, असं नंतर ऐकलं.

पुढच्या एप्रिलमध्ये मी दुसऱ्या एका डीलरकडे जुनी बोट मोडीत दिल्यासारखी दिली आणि वर पैसे घालून पाँटून घेतली. पहिलीपेक्षा नवी, मोठी, चारही बाजूंनी सीटा. त्याने आकडा सांगितला, मी हो म्हणालो. तो इतका गोंधळला की त्याने स्वतःहून लाइफ जॅकेट फुकट घातली.

मेमधल्या पहिल्या बऱ्या उन्हाच्या दिवशी आम्ही दोघं तळ्यावर गेलो. मी फाटक उघडलं. बायको काठी टेकत, कुठेही न अडखळता आत गेली आणि कोपऱ्यातल्या सीटवर बसली. मी इंजिन सुरू केलं. तळ्याच्या मध्यावर जाऊन बंद केलं. वारा नव्हता. समोरची लांबलचक सीट रिकामी होती, उजवीकडचीही.

"बरी आहे," ती म्हणाली. गुडघ्यावर हात फिरवला. "पाय पसरता येतात."

मग तिने पर्समधून फोन काढला आणि नुसता हातात धरून बसली. कुणाचा नंबर लावायचा होता ते मला विचारावं लागलं नाही.

"कर," मी म्हटलं. "मी काही बोलणार नाही."

"करून सांगू काय तिला?" ती म्हणाली. "बोट छान आहे म्हणून?"

 तिने फोन पर्समध्ये ठेवला आणि चेन ओढली. थोड्या वेळाने ती म्हणाली, ऊन लागतंय, चला. मी इंजिन सुरू केलं.