देवरे सरांच्या लॅबमधली लाज

आमच्या लॅबमध्ये काय शोध लागले, असं कुणी विचारलं की मी विषय बदलतो. फजितीचे किस्से मात्र काचेवर धूळ बसावी तसे साचलेत. नव्वदच्या दशकात नाशिकच्या एका कॉलेजात आम्ही हवेतले परागकण आणि त्यांची अ‍ॅलर्जी यावर काम करायचो. देवरे सर आणि त्यांच्या हाताखाली मनीषा आणि मी.

गच्चीवर व्हॅसलिन लावलेल्या काचा ठेवायच्या आणि चिकटेल ते मायक्रोस्कोपखाली बघायचं. एकदा सगळ्या काचांवर कधी न पाहिलेले कण सापडले. सर थेट प्राचार्यांनाच घेऊन आले. तेवढ्यात मनीषाने आयोडीनचा थेंब टाकला आणि कण निळे-काळे झाले. म्हणजे स्टार्च. शेजारी पिठाची गिरणी सुरू झाली होती. प्राचार्य एवढंच म्हणाले, "देवरे, भाकरीचीही अ‍ॅलर्जी असते का हो?"

सर बरेच दिवस स्टाफरूममध्ये डबा खायला गेले नाहीत.

*

सटाण्याला सरांचं गाजर गवतावर भाषण होतं. हे गवत दिसेल तिथून उपटा, असं ते सत्काराचा बुके हातात धरूनच सांगत होते आणि मधेमधे शिंकत होते. अध्यक्ष हळूच वाकले आणि म्हणाले, "सर, तुमना हातमा काय शे?"

बुकेत गुलाबांच्या मधे गाजर गवताचीच पांढरी फुलं खोचलेली होती.

परतताना एसटीत सरांची पंचाईत झाली. बी पसरेल म्हणून बुके खिडकीतून टाकताही येईना. नाशिक येईपर्यंत तो मांडीवर घेऊन बसले.

*

मनीषाच्या किश्श्यावर मात्र आम्ही हसत नाही.

अ‍ॅलर्जीच्या टेस्टमध्ये हातावर थेंब ठेवून सुईने टोचतात आणि कातडीवर लाल, फुगीर गांधी उठतात का बघतात. एक दिवस पेशंट आलाच नाही, तेव्हा सरांनी मनीषाचा हात मागितला. संध्याकाळी पाहुणे बघायला येणार आहेत, असं ती म्हणाली होती. तोवर गांधी जातील, असं सर म्हणाले.

गेल्या नाहीत. ओझरच्या पाहुण्यांनी तिच्या हातावरची लाल रांग बघितली आणि पोहे तसेच ठेवून उठले. मुलीच्या अंगावर काहीतरी आहे, ही बातमी नात्यात पसरली. पुढचं स्थळही परस्पर फिरलं. तिचे वडील लॅबच्या दारात येऊन नुसतेच उभे राहिले. सरांना वर बघवेना.

त्या रविवारी सर मला घेऊन ओझरला गेले. त्या लोकांसमोर त्यांनी बाही दुमडली, स्वतःला टोचून घेतलं आणि उठलेली गांध उतरेपर्यंत तिथेच बसून राहिले. "चूक माझी आहे, मुलगी निरोगी आहे," म्हणाले. मुलाच्या आईला पटलं. पुन्हा बघायला येतो, असा निरोप मिळाला.

सर बाही तशीच दुमडलेली ठेवून थेट मनीषाच्या घरी पोचले. सगळं ऐकून ती म्हणाली,

"सर, तुमच्या हाताकडे ते तासभर बघत बसले. माझ्या हाताला काय झालंय, एवढंसुद्धा कुणी विचारलं नव्हतं. त्यांना नाही म्हणून सांगा."

सरांनी बाही खाली ओढली आणि बटण लावत बसले.