वाकडा ओळंबा

पहाटे साडेचारला त्या गवंड्याचा दिवस सुरू व्हायचा. घड्याळाची गरज नव्हती. साडेसहाला तो कामावर हजर, बाकीचे यायच्या आत विटा नीट भिजल्यात की नाही हे चाचपून बघायला. कोरडी वीट सिमेंट-वाळूच्या मालातलं पाणी पिऊन टाकते आणि जोड कच्चा राहतो. दर तिसऱ्या थराला तो ओळंबा लावायचा. दोरीला टांगलेलं ते पितळी वजन भिंतीला जेमतेम शिवलं पाहिजे, तरच पुढची वीट.

मग पाठ धरायला लागली. कुणीतरी म्हणालं, गांजा ओढ, मोकळी होते. झालीही मोकळी. आधी संध्याकाळी एक सिगारेट, मग जेवणाच्या सुट्टीत, मग उठल्याउठल्या. दोन वर्षांत साडेसहाचे साडेनऊ कधी झाले ते त्याला कळलंही नाही.

तो मोठ्या बहिणीकडे राहायचा. ताई कपडे शिवायची. एकाच खोलीत तिची तीन शिलाई मशीनं, चूल आणि दोघांची अंथरुणं. मागच्या अंगणात मशीनांसाठी एक खोली बांधायची, हे तिचं कैक वर्षांचं मनात होतं. गवंडी घरचाच. त्याने सुट्टीच्या दिवशी भिंत उचलायला घेतली, गांजा ओढत ओढत.

चौथ्या सुट्टीला ताई चहा घेऊन आली आणि मान तिरकी करून उभी राहिली.

"का रे, भिंत शेजारणीशी बोलायला वाकलीय का?"

त्याने ओळंबा लावला. वजन भिंतीपासून चार बोटं लांब लोंबत राहिलं. त्याने दोरी काढून पुन्हा लावून बघितली. मग शांतपणे म्हणाला, "ओळंबा वाकडा आहे."

"अरे, दोरी आणि वजन आहे ते! त्याला वाकडं व्हायचं तर पृथ्वीची परवानगी काढावी लागेल."

त्याला राग आला. बावीस वर्षं वापरलेला ओळंबा त्याने उचलून डबराच्या ढिगात भिरकावला. भिंतीला टेकू देऊन ताई घरात गेली.

त्याच आठवड्यात कामावर, बांबूच्या उंच परांचीवर तो एक पाऊल मागे सरकला. फळी अजून आहे असं त्याला वाटलं. नव्हती. विटा वाहणाऱ्या मावशीने घमेलं टाकून त्याची कॉलर धरली. कॉलर तिच्या हातात आली, माणूस फळीवर राहिला.

"शर्ट भरून देणार नाही हं," मावशी म्हणाली आणि सांडलेल्या विटा घमेल्यात भरायला लागली.

मुकादमाने त्याला वाळू चाळायला बसवलं. "वर चढायचं तर गांजा सोडून ये. डॉक्टरची चिठ्ठी दाखव."

ताई म्हणाली, "ती भिंत दुसऱ्या कुणाला मी हात लावू देणार नाही. तूच पाडायची, तूच बांधायची. पण शुद्धीत." आणि त्याला घेऊन ती सरकारी दवाखान्यातल्या व्यसनमुक्ती विभागात गेली.

डॉक्टरीणबाई वयाने त्याच्या निम्म्या होत्या. "दिवसातून किती वेळा ओढता?"

"उठल्यावर, कामाला लागायच्या आधी, चहाला, जेवल्यावर, संध्याकाळी..."

"मग काम कधी करता?"

ताई पदरात तोंड लपवून हसली. तो गुरगुरला, "झाडाचा पाला तर आहे."

"धोतराही झाडच आहे. खाल का?" बाई म्हणाल्या. "गांज्याने अंतराचा अंदाज चुकतो, लक्ष ठरत नाही. तुमच्यासारख्या उंचावर काम करणाऱ्याला हे परवडत नाही. सोडलात की काही दिवस झोप लागणार नाही, चिडचिड होईल, भूक जाईल, घाम येईल. ते ओसरतं. दर आठवड्याला इथे यायचं. पाठीसाठी व्यायाम देते. आणि हे सांगा, तलफ जास्त कधी येते?"

"संध्याकाळी सहाला."

"तेव्हा हात कामात ठेवा."

त्याने ते शब्दशः घेतलं. रोज सहाला तो अंगणात उरलेल्या विटांचे थर नुसतेच, मालाशिवाय, रचायचा आणि सकाळी उतरवायचा. पहिल्या आठवड्यात ती रास उंट बसल्यासारखी दिसायची. झोप नव्हती. ताईवर तो दोनदा खेकसला, ती चारदा उलट खेकसली. तिसऱ्या आठवड्यात पाय घसरला, त्याने गांज्याची एक सिगारेट ओढली. दुसऱ्या दिवशी आपणहून दवाखान्यात जाऊन सांगितलं.

"सांगायला आलात ना? मग पुढे चालू," बाई म्हणाल्या. ओरडल्या नाहीत, हेच त्याला जास्त लागलं.

तीन महिन्यांनी रास सरळ उभी राहिली. आणखी महिन्याने चिठ्ठी मिळाली. परांचीवर चढताना मावशीने कॉलर चाचपली. "शिवण पक्की आहे ना?"

"ताईने दुहेरी घातलीय."

पुन्हा साडेचार. पुन्हा भिजलेल्या विटा. महिनाभर एकही खाडा नाही.

एका सुट्टीला ताईने पुढ्यात घण ठेवला आणि शेजारी कापडात गुंडाळलेलं काहीतरी. त्याने सोडून बघितलं. घासून लखलखीत केलेलं पितळी वजन, नव्या दोरीला बांधलेलं.

"घे तुझा वाकडा ओळंबा."

भिंत दुपारपर्यंत खाली आली. नवी उभी राहायला चार सुट्ट्या लागल्या. दर तिसऱ्या थराला वजन विटेला जेमतेम शिवत होतं. परांचीवर राबून मिळवलेल्या त्या पहिल्या अख्ख्या महिन्याच्या मजुरीतून या नव्या भिंतीच्या विटा, वाळू आणि सिमेंट आलं होतं.