लोणाडच्या लेण्यातला शुक्रवार

शुक्रवारी भिवंडीत लाइट नसायची, म्हणून कापडाचे लूमही बंद, सगळ्यांना सुट्टी. दोन हजार चार-पाचच्या सुमाराला, माझ्या लग्नाच्या तिसऱ्या वर्षी, अशाच एका शुक्रवारी सासू म्हणाली, लोणाडच्या डोंगरावर देवीला जाऊन येऊ. पूर्वी बौद्ध भिक्षू राहायचे त्या लेण्यातच ती देवी आहे. धामणकर नाक्यावरून रिक्षा करून नवरा, सासू आणि मी निघालो.

लेण्यात एक म्हातारे मास्तर भेटले. मी भिंतीवरचं कोरीवकाम निरखत होते, म्हणून ते आपणहून सांगायला लागले. हा दानशूर राजपुत्र, त्यानं बायको-मुलंसुद्धा दान करून टाकली. बायको काहीच बोलली नाही का, असं मी विचारलं. मास्तर हसले, मीही हसले.

ते डोंगर उतरून गेले आणि नवऱ्यानं माझा अंबाडा धरला. परक्या माणसापुढे दात काढतेस, म्हणत त्यानं माझं डोकं दगडी खांबावर आपटलं. एकदा, मग पुन्हा. मी खाली पडले तर कमरेत लाथा घातल्या. कपाळावरचं रक्त डोळ्यांत ओघळलं, समोरचं दिसेना.

घरी असं झालं की सासू मोरीत जाऊन नळ सोडायची, आवाज ऐकू येऊ नये म्हणून. इथे मोरी नव्हती. ती देवीपुढचा नारळ फोडायचा दगड घेऊन आली आणि तो तिनं दोन्ही हातांनी त्याच्या मनगटावर घातला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. तो किंचाळत खाली बसला.

"तुजा बापूस पन असाच व्हता," ती म्हणाली. "तवा मी गप बसली. आता न्हाय बसनार."

मग तिनं पदर फाडून माझं डोकं बांधलं. त्याच्याकडे तिनं पाहिलंही नाही. दवाखान्यात मला सात टाके पडले, त्याला प्लास्टर. पायऱ्यांवरून पडलो, असं तिघांनीही सांगितलं.

सासू होती तोवर त्यानं माझ्यावर हात उचलला नाही. ती गेल्यावर महिन्याभरात उचलला. मी त्याच दिवशी कपडे भरले आणि भावाकडे निघून आले. परत गेले नाही.